माणूस मिळेल, जीएसटी वेगळा

मोठ्या कारखान्यात माणसं दोन दरवाज्यांनी आत येतात. एक दरवाजा एचआरचा. तिथे मुलाखत होते, ऑफर लेटर मिळतं, पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल आणि कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली हातात पडते, आणि दुपारी जेवण अंगावर आलेलं असताना 'आपण सगळे एक कुटुंब' हे सादरीकरण बघावं लागतं. दुसरा दरवाजा परचेसचा. तिथून बेअरिंग येतात, कटिंग ऑइल येतं, हातमोजे येतात आणि माणसंही येतात.

खोटं वाटत असेल तर चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या एखाद्या परचेसवाल्याला चहा पाजा. 'मॅनपॉवर सप्लाय' असा रीतसर आयटम असतो. त्याची एन्क्वायरी निघते, तीन कोटेशनं येतात, तिघांचं कम्पॅरेटिव्ह बनतं. अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा तीन ओळी. पुढे प्रत्येकाचा दिवसाचा दर, मग पीएफ, ईएसआय, बोनस, आणि अगदी शेवटी ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज, टक्क्यांत. आधीचे रकाने कायद्याने बांधलेले, म्हणून तिघांचे जवळजवळ सारखे. घासाघीस चालते ती शेवटच्या रकान्यावर. ज्याचा आकडा सगळ्यांत खाली तो एल-वन. एल-वनला पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, जातो. बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, कारण सरकारच्या लेखी कायम कामगाराला मिळतो तो पगार आणि ठेकेदाराकडून आलेल्याने उपसलेली मेहनत ही विकत घेतलेली सेवा. दोघं एकाच मशीनवर, एकाच शिफ्टमध्ये, एकच पार्ट काढत असले तरी.

आता वर एचआरच्या मजल्यावर या. तिथे समावेशक कार्यसंस्कृतीचा सप्ताह चालू आहे. लिफ्टशेजारी फलक, फलकावर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं, खाली टक्केवारी: स्त्रिया इतक्या, दिव्यांग इतके, तिशीच्या आतले इतके. ही टक्केवारी कशावर काढली? पेरोलवर. जो पेरोलवर नाही तो टक्केवारीत नाही. म्हणजे सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी येऊन तो फलक फडक्याने पुसणारी बाई फलकावरच्या स्त्रियांमध्ये धरलेली नाही. ती परचेसच्या हिशेबात आहे, हाउसकीपिंग या शीर्षकाखाली, फिनेलच्या एक ओळ वर.

एचआरमधली मंडळी वाईट असतात असं नाही. उलट बहुतेक जण मनापासून बोलतात. सर्वनामं जपून वापरतात, बैठकीत गप्प बसणाऱ्याला बोलतं करतात, रमझानमध्ये रोजा असणाऱ्यांची शिफ्ट बदलून देतात. आक्षेप एवढाच की हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय त्यांची यादी परचेसने आधीच अर्धी करून ठेवली आहे. केंद्र सरकारची वार्षिक उद्योग पाहणी सांगते की संघटित कारखान्यांतल्या दर दहा कामगारांपैकी चार आता कंत्राटी आहेत. शतक बदललं तेव्हा हा आकडा दहात दोनच्या आसपास होता. आणि विविधता, समता, समावेशन ही त्रिसूत्री आपल्या कंपन्यांच्या तोंडी रुळली तीही याच पंचवीस वर्षांत. दोन्ही आलेख एकाच वेळी चढत गेले. योगायोग असेल.

कारखान्यात शिरल्यावर कोण कोणत्या दरवाज्याने आला हे विचारावं लागत नाही. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी बघायची. कायम कामगाराची निळी, ट्रेनीची हिरवी, ठेकेदाराच्या माणसाची पिवळी, रंग कंपनीगणिक बदलतात, पण एकाच रंगाची पट्टी सगळ्यांना दिल्याची उदाहरणं शोधावी लागतात. कुठे बस वेगळी, कुठे कँटीनची वेळ वेगळी, कुठे ताट तेच पण कूपनचा दर वेगळा. दिवाळीची मिठाई एकाला किलोची आणि दुसऱ्याला अर्ध्या किलोची. महात्मा फुल्यांच्या पुण्यात, त्यांनी हौद खुला केल्याला दीडशेहून अधिक वर्षं झाल्यावर, पाण्याच्या कूलरवर अजून पट्टीचा रंग बघितला जात नाही, हे आपण प्रगती म्हणून धरूया.

मग 'ब्रेक'. हा शब्द एचआरच्या पुस्तकात मानसिक स्वास्थ्याच्या प्रकरणात येतो. शॉपफ्लोअरवर त्याचा अर्थ निराळा. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की कामगाराचे काही हक्क उभे राहायला लागतात, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर इतके दिवस सलग भरले की कायम करण्याचीच तरतूद होती. म्हणून सातव्या महिन्यात माणूस घरी जातो. काम संपलेलं नसतं, मशीन बंद नसतं, चूकही काही झालेली नसते. महिनाभर गावाकडे थांबायचं आणि नव्या ठेकेदाराच्या नावाने, कधी शेजारच्या कंपनीत, तर कधी त्याच मशीनवर परत यायचं. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कितीतरी पोरांचं विशीतलं आयुष्य अशा सात-सात महिन्यांच्या तुकड्यांत कापलं गेलं. मध्यंतरी 'नीम' नावाची योजना आली. शिकता शिकता कमाई, असा तिचा उदात्त हेतू. चाकणमध्ये 'नीम ट्रेनी' ही एक जमातच तयार झाली. ही मुलं शिकत होती, म्हणून कामगार नव्हती. कामगार नव्हती, म्हणून त्यांना वेतन नव्हतं, विद्यावेतन होतं. आणि शिकत काय होती, तर तोच एक नट त्याच एका जागी बसवायला. योजना गुंडाळली गेली. पट्टीचा रंग राहिला.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत म्हटलंय की आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावायचा नाही. वाचून बरं वाटतं. मग अपवाद वाचायचे. पहिलाच अपवाद असा की ते काम सर्वसाधारणपणे कंत्राटदाराकडूनच होत असेल तर चालेल. म्हणजे नियम मोडायची सवय जुनी असेल तर नियम लागू नाही. इतकं समावेशक कलम मी दुसरं वाचलेलं नाही.

०००

खाजगी कारखानदारांनाच का धरायचं? सरकार स्वतः जेम या पोर्टलवर माणसं घेतं. 2016 साली हे पोर्टल निघालं ते सरकारी खरेदीतला भ्रष्टाचार थांबवायला, आणि खुर्च्या, संगणक, कागदाची रिमं यांच्या बाबतीत त्याचा उपयोगही झाला. त्याच दुकानात मनुष्यबळाची सेवाही मांडली आहे. डेटा एंट्री ऑपरेटर, शिपाई, वाहनचालक, सफाईवाला. पद निवडा, संख्या टाका, पिनकोड टाका. वेतन किमान वेतनाइतकं बांधलेलं, त्यामुळे पुरवठादारांची स्पर्धा उरली सर्व्हिस चार्जवर. तो घसरत घसरत इतका खाली आला की ठेकेदार शून्य दशांश काहीतरी टक्क्यावर माणसं पुरवायला तयार झाले. पाच-पन्नास जण एकाच आकड्यावर अडकले की त्यांतला एक संगणक निवडायचा. शेवटी सरकारला 3.85 टक्के असा किमान सर्व्हिस चार्ज ठरवून द्यावा लागला.

जो ठेकेदार शून्य नफ्यावर शंभर माणसं पुरवतो तो धर्मादाय संस्था चालवत नाही, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. तो कामाला लावण्यापूर्वी 'डिपॉझिट' घेतो, गणवेशाचे पैसे कापतो, पीएफ उशिरा भरतो, ओव्हरटाइम दुपटीऐवजी एकपट देतो, आणि बँकेत जमा झालेल्या पगारातले काही पैसे रोख परत मागतो. निविदा समितीला हे ठाऊक नसतं असं म्हणणं हा त्या समितीतल्या हुशार माणसांचा अपमान होईल.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ संस्थांचं पॅनेल नेमून अतिकुशल ते अकुशल अशी सगळी पदं बाह्यस्रोतांतून भरण्याचा शासन निर्णय काढला. अभियंत्यापासून हमालापर्यंत, सगळे एका दरपत्रकात. स्पर्धा परीक्षांची पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरमध्ये निर्णय रद्द झाला. पाठोपाठ हे पाप मूळ कुणाच्या काळातलं यावर दोन्ही बाजूंनी पत्रकार परिषदा झाल्या. पाप आहे याबद्दल मात्र सर्वपक्षीय एकमत होतं. सरकारी दप्तरात असा समावेशक क्षण विरळा.

या बाबतीत साखर कारखाने सगळ्यांचे बाप. तिथे मुकादम हा पुरवठादार, उचल हे ॲडव्हान्स पेमेंट, आणि मोजायचं एकक 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. तोडणीचा हिशेब जोडीचा, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात, आणि बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापून मग फडात. लिंगसमानतेच्या कार्यशाळेत अजून हा नमुना कुणी मांडलेला दिसत नाही: स्त्रीपुरुषांत भेद नाही, दोघं मिळून एक नग.

०००

आता परचेसच्या पोथीकडे वळू. माल कुणाकडून आणि किती जणांकडून घ्यायचा यावर जगभर मोठं शास्त्र उभं आहे, आणि ते मुळातून वाचण्यासारखं आहे. 1983 साली पीटर क्राल्यिच या सल्लागाराने 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. त्यातला चौकोन आजही प्रत्येक एमबीएच्या वहीत असतो. एका बाजूला वस्तूचं महत्त्व, दुसऱ्या बाजूला ती मिळण्यातली जोखीम. महत्त्व जास्त, जोखीम जास्त, तर पुरवठादाराशी लग्न लावा. महत्त्व जास्त, जोखीम कमी, तर त्याला पिळा. महत्त्व कमी पण मिळायला अवघड, तर साठा करून ठेवा. महत्त्व कमी, जोखीमही कमी, तर त्यात वेळ घालवू नका, सगळ्यांत स्वस्त ते उचला. पेन्सिली, टाचण्या आणि पिवळी पट्टी या शेवटच्या खणात येतात.

पिळण्याचं शास्त्र पूर्णत्वाला नेलं ते होसे इग्नासिओ लोपेझ या गृहस्थांनी. ते 1992 साली जनरल मोटर्सच्या जागतिक खरेदीचे प्रमुख झाले. पुरवठादारांशी झालेले करार त्यांनी पुन्हा उघडले, एका निविदेच्या तीन-तीन फेऱ्या काढल्या, दरवेळी दर खाली. आपल्या खरेदी अधिकाऱ्यांना ते योद्धे म्हणत, त्यांच्यासाठी आहाराचे नियमही त्यांनी लिहिले, आणि कंपनी फायद्यात येईपर्यंत घड्याळ उजव्या मनगटावर बांधायला सांगितलं. कंपनीचे पैसे वाचले, हे खरं. मग स्वस्तातल्या पार्ट्सनी गाड्यांमध्ये गुण दाखवायला सुरुवात केली. जर्मनीत या प्रकाराला 'लोपेझ परिणाम' असं नावच पडलं. साहेब 1993 मध्ये फोक्सवॅगनला गेले. गुपितं सोबत नेल्याच्या आरोपावरून भांडण चाललं ते 1997 पर्यंत, आणि ते मिटवताना फोक्सवॅगनने जनरल मोटर्सला 10 कोटी डॉलर दिले, शिवाय सात वर्षांत तिच्याकडून 100 कोटी डॉलरचे पार्ट घेण्याचं कबूल केलं. खरेदीप्रमुखाच्या नावे झालेली ही बहुधा सगळ्यांत मोठी खरेदी.

दुसरे कार्लोस घोन. 1999 मध्ये निस्सान बुडायला आली असताना त्यांनी ठरवलं की खरेदीचा खर्च तीन वर्षांत 20 टक्के खाली आणायचा आणि 1,145 पुरवठादारांचे सुमारे 600 करायचे. जपानी कंपन्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, एकमेकांत भांडवल गुंतलेलं नातं त्यांनी तोडलं. निस्सान वाचली, जगाने टाळ्या वाजवल्या. याच घोन साहेबांना 2019 च्या डिसेंबरात जपानच्या जामिनातून पळताना वाद्यांच्या पेटीत बसून विमानात चढावं लागलं. पुरवठा साखळीचा एवढा जवळून अनुभव कुठल्याही सीईओने घेतलेला नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. 1 फेब्रुवारी 1997, पहाट. जपानमधल्या कारिया गावात आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह बनायचा, टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना हाच एक पुरवठादार. स्वस्त वस्तू, मुठीत मावेल एवढी. टोयोटाच्या गोदामात साठा तासांच्या हिशेबात. दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळ्या लाइन थांबल्या. एकाच पुरवठादारावर विसंबण्याची ही शिक्षा, असं म्हणून परचेसचे विद्यार्थी इथे पुस्तक मिटतात. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. आयसिनने ड्रॉइंग वाटली. साठेक कंपन्यांनी आपापली मशीनं रिकामी करून तो व्हॉल्व्ह काढायला घेतला. त्यांत शिलाई मशीन बनवणारी ब्रदरही होती, जिने मोटारीचा तो पार्ट कधी बघितला नव्हता. भाव काय, पैसे कधी, ड्रॉइंगचा हक्क कुणाचा, हे त्या आठवड्यात कुणी विचारलं नाही. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या.

तसं का झालं? कारण आधीची कित्येक वर्षं त्या पुरवठादारांना टोयोटाने वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. परिस्थिती कशीही असो, हिशेब चुकता होईल याची खात्री होती. अमेरिकेचे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हेच सांगत आले: केवळ किमतीच्या चिठ्ठीवर धंदा देणं बंद करा, एका वस्तूला एक पुरवठादार धरा आणि त्याच्याशी दीर्घकाळ विश्वासाने राहा. त्यांच्या नावाचं पारितोषिक मिळवायला आपल्याही कंपन्या धडपडतात. काहींना मिळालंही.

आपण टोयोटाकडून काय घेतलं? गोदाम रिकामं ठेवायला शिकलो. साठा कंपनीच्या आवारातून निघाला आणि सब-व्हेंडरच्या डोक्यावर बसला. 'जस्ट इन टाइम' हे टोयोटाच्या ओनो साहेबांनी जपानमध्ये बसून लिहिलं, तळेगाव-चाकण रस्त्यावर नाही. संध्याकाळी पाचला चाकणच्या चौकात टेम्पो अडकतो, तिकडे लाइन थांबते, आणि मिनिटाला इतके रुपये अशी डेबिट नोट भोसरीच्या शेडवाल्याला येते. रस्ता त्याने बांधलेला नाही, खड्डा त्याने पाडलेला नाही. पण पुरवठादार हा भागीदार आहे ना. नुकसानीत भागीदारी, एवढं कलम मात्र काटेकोर पाळलं जातं.

या भागीदारांचं वर्षातून एकदा संमेलन भरतं. व्हेंडर मीट. पंचतारांकित हॉटेल, 'टुगेदर वी ग्रो' असं मागे झळकणारं इंग्रजी वाक्य, उत्कृष्ट गुणवत्तेची काचेची ट्रॉफी, फोटो. ट्रॉफी टेबलावर पोचायच्या आत पुढच्या वर्षीच्या कॉस्ट-डाउनची मेल आलेली असते: दर इतके टक्के खाली आणा. स्टील वाढलं, वीज वाढली, किमान वेतन वाढलं, ते तुमचं तुम्ही बघा. कुठून कमी करायचं ते मेलमध्ये लिहीत नाहीत. लिहायची गरज नसते, कमी करण्याजोगी एकच गोष्ट शेडमध्ये उरलेली असते आणि ती दोन हातांनी काम करत असते.

पैसे कधी मिळतात ही आणखी एक गंमत. लघुउद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, हा कायदा 2006 चा. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. कागदावर सावकारालाही लाज वाटावी असा दर. पण तो मागायला लघुउद्योगांसाठीच्या सुलभीकरण परिषदेकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीच्या गेटवर शेड्यूल मागायला उभं राहायचं, हे धाडस कोण करणार? म्हणून सरकारने 2023 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात 43बी (एच) घातलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरणार नाही. आता मोठ्यांच्या खिशाला झळ बसणार होती. झालं काय? अनेक ठिकाणी छोट्यांना सांगण्यात आलं की तुमची 'उद्यम' नोंदणी रद्द करा, नाहीतर आम्ही मध्यम उद्योगाकडून घेतो, त्याला हे कलम लागू नाही. लहान असल्याचा फायदा मिळणार म्हटल्यावर लहान माणसाने लहान असल्याचं लपवायचं.

०००

आता हे दोन दरवाजे एकमेकांना कुठे मिळतात ते सांगतो. ते पॉवर प्रेसवर मिळतात.

कॉस्ट-डाउन वरून येतं. टिअर-वन, म्हणजे कंपनीला थेट माल देणारा, ते टिअर-टूकडे ढकलतो, तो टिअर-थ्रीकडे. तिथे पत्र्याची शेड, जुना प्रेस, सेन्सर एकतर नाही किंवा काढून ठेवलेला, कारण तो असला की दर तासाचे नग कमी पडतात. प्रेसवर ठेकेदाराने कालच आणलेला मुलगा. बिहारचा असेल, ओडिशाचा असेल, बीडचा असेल. बारा तासांची शिफ्ट. 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून मोटार उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांवर अहवाल काढते, पहिल्यांदा हरियाणातल्या मानेसर-गुडगाव पट्ट्यातून, मग पुण्याकडूनही. हजारो कामगारांना संस्थेची माणसं भेटली. सगळ्यांत जास्त चिरडलेली गोष्ट म्हणजे बोटं, आणि सगळ्यांत जास्त चिरडणारी म्हणजे पॉवर प्रेस. त्या अहवालांत एक बारीकसा तपशील पुन्हा पुन्हा येतो: ईएसआयचं कार्ड कितीतरी जणांना अपघातानंतर मिळालं. आधी बोट गेलं, मग नाव नोंदलं. समावेशन म्हणतात ते याला. उशिरा का होईना, यादीत आला.

तो पार्ट पुढे जातो. टिअर-टू, टिअर-वन, मुख्य कारखाना. तिथली लाइन सगळी मुलींनी चालवलेली असू शकते, आणि ती खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. महाराष्ट्राने कारखाने कायदा बदलून 2015 पासून बायकांना रात्रपाळीची वाट मोकळी केली, वाहन आणि सुरक्षेच्या अटी घालून. त्या मुलींच्या फोटोबद्दल तक्रार नाही. त्यांच्या हातात असलेला पार्ट दाबताना कुणाचा हात कुठे होता, हे फोटोग्राफरला विचारत नाहीत, एवढंच.

वर बसलेला एचआर म्हणतो, ती शेड माझ्याकडे येत नाही, ते परचेसचं. परचेस म्हणतं, मी पार्ट घेतो, माणूस नाही, ते पुरवठादाराच्या एचआरचं. पुरवठादाराच्या शेडमध्ये एचआर म्हणजे मालकाचा मेहुणा, आणि तो त्या वेळी जीएसटी भरायला बसलेला असतो.

०००

चांगलं काहीच नाही का? आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यायचा असं बंधन आहे. आधी 20 टक्के होतं, 2018 मध्ये 25 झालं. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिला उद्योजकांकडून. लहान उद्योजकाचा दर एल-वनपेक्षा 15 टक्क्यांपर्यंत वर असला तरी त्याला एल-वनच्या भावाला यायची संधी द्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या हिश्श्याची मागणी लावून धरणाऱ्यांमध्ये 2005 साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी उभी केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स होती. नोकरी मागणारे नव्हे, देणारे होऊ, हा तिचा पवित्रा. 25 टक्क्यांचं लक्ष्य सरकार बऱ्याचदा ओलांडतं. आतल्या 4 टक्क्यांचं लक्ष्य वर्षानुवर्षं हुकत आलं आहे. सबब अशी की पात्र पुरवठादार मिळत नाहीत. ही सबब नोकरभरतीत ऐकून आपल्या तीन पिढ्यांचे कान किटले आहेत. खरेदीत ती नव्या पॅकिंगमध्ये मिळते.

तेव्हा मागणी साधी आहे. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये दर, डिलिव्हरी, रिजेक्शन यांचे रकाने असतातच. त्यात तीन वाढवा: या पुरवठादाराकडे माणसाच्या हातात प्रत्यक्ष किती पैसे पडतात, प्रेसला सेन्सर आहे का, आणि आपण त्याला मागच्या वर्षी किती दिवसांनी पैसे दिले. तिसरा रकाना आपल्याच अब्रूचा आहे, म्हणून तो सगळ्यांत आधी भरा. आणि जे कोटेशन कायद्याने बांधलेल्या वेतनाच्या आणि खर्चाच्या बेरजेपेक्षा खाली जातं ते एल-वन नाही, ते बाद. पेरोलवर आहे की नाही हे न बघता जो कुणी आपल्या गेटमधून आत येतो त्या प्रत्येकाला एचआरने टक्केवारीत धरावं. आकडे पडतील, फलक बदलावा लागेल, पुढच्या वर्षीचं पारितोषिक शेजारच्या कंपनीला जाईल. जाऊ द्या.

वाचकांसाठी एक काम. तुमचे शेअर असोत-नसोत, सेबीने वरच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल 2022-23 पासून सक्तीचा केला आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुरुवातीची चित्रं, अध्यक्षांचं पत्र, झाडं लावतानाचे फोटो मागे टाका आणि पहिल्या, 'अ' विभागातला कर्मचारी व कामगारांचा तक्ता काढा. त्यात कायम आणि कायम नसलेले अशा दोन वेगळ्या ओळी असतात, स्त्री-पुरुषांच्या आकड्यांसह. मोठ्या कंपन्यांच्या अहवालात पुढे पुरवठादारांची देणी सरासरी किती दिवसांनी चुकवली तोही आकडा सापडतो. हे दोन आकडे लिहून घ्या, आणि त्या कंपनीतलं कुणी पुढच्या लग्नात भेटून समावेशक संस्कृतीबद्दल सांगू लागलं की कागद पुढे करा.